टंकलेखनाची चूक

रोलाच्या मागच्या गल्लीत, खजूरवाल्याला लागून
आमचं टायपिंग सेंटर. तीन खुर्च्या, एक झेरॉक्स,
आणि एसी, जो मालक आला की थंड होतो.
अकरा वर्षं मी इथे दुसऱ्यांचे अर्ज भरते.
आज शटर अर्धं ओढून
स्वतःचा भरायला बसलेय.

नाव: हेमलता वासुदेव तिरोडकर.
वय: त्रेचाळीस.
कायदा, संध्याकाळचा वर्ग, तिसरं वर्ष.
बाकावरची पोरं मला आंटी म्हणतात,
नोट्स मात्र माझ्याच नेतात.

अर्ज कशासाठी: घरात मार खाणाऱ्यांसाठी
कॉलेजने चालवलेलं क्लिनिक.
क्लिनिक म्हटल्यावर आई फोनवर घाबरली,
"काय दुखता गो तुझा?"
कायद्याचं क्लिनिक, म्हटलं.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली,
"म्हणजे ताय दुखण्याचाच."

भाषा: मराठी, मालवणी, हिंदी, इंग्रजी.
अरबी, लिहिता येते, भांडता येत नाही.
मल्याळम, रडणं कळण्यापुरती.

प्रश्न चौथा: या कामाचा पूर्वानुभव.

पुरुष येतात. काउंटरवर कोपर टेकून सांगतात,
बायकोचा व्हिसा कॅन्सल करायचाय,
उद्यापासून दूध नको, सांगावं तसं.
बाई गाडीत असते, काच वर.
कधी आत येते, आणि मी जन्मतारीख विचारली
की तो सांगतो. चुकीची.
ती दुरुस्त करत नाही.

हा अनुभव धरतात का?

एक होती. श्रीवर्धनकडची, एवढंच लिहीन.
ऑगस्टातला शारजा, आणि गळ्यापर्यंत बटणं.
नवरा फोन घ्यायला दाराबाहेर गेला तेवढ्यात
माझ्या स्टेपलरकडे बघत म्हणाली,
"बाय, पोराचा पेपर हाय गुरवारी."
आणखी काही नाही. मागितलं काहीच नाही.
तो आत आला, ती पुन्हा भिंत झाली.

पासपोर्टच्या आकड्यात नऊ होता. मी सहा मारला.
बोट घसरलं, असं तेव्हा
मी स्वतःलासुद्धा सांगितलं.

अर्ज परत आला. नवरा ओरडला,
मालकाने माझे शंभर दिरहम कापले,
मध्ये सहा दिवस गेले.
सातव्या दिवशी तो एकटाच आला,
ती इकडे आली होती का, विचारत.
मी म्हटलं, इथे खूप बायका येतात.
पेपर झाला का, ती कुठे पोचली का,
पोचली की नाहीच,
मला आजही माहीत नाही.

प्रश्न नववा: आपण कधी कागदपत्रांत
जाणूनबुजून खोटी माहिती भरली आहे का?
हो. नाही.
दोन चौकटी, टिकलीएवढ्या.

बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं:
वकिलाचा कागद खोटा निघाला
की त्याची अशील पुन्हा एकटी.
मला हे पटतं. पटतं म्हणूनच अडलंय.
नाही म्हटलं, तर सुरुवातच दुसऱ्या सहाने.
हो म्हटलं, तर दार बंद, आणि हे मालकाला कळलं
तर माझाही व्हिसा त्याच्याच नावावर आहे.
कॅन्सलचा फॉर्म मला तोंडपाठ येतो,
मीच टाइप करीन बहुतेक.

इशाची अजान होऊन गेली. खजूरवाल्याने दिवे काढले.
अजून शटरखालून कुणाचे तरी पाय दिसतात,
थांबतात, जातात.

हो.

खाली लिहिलंय, तपशील द्या, दोनशे शब्दांत.
मी लिहिलं: एक आकडा. सहा दिवस.
मग त्यापुढे तिचं नाव टाइप केलं,
मला ते पाठ आहे, स्पेलिंगसकट,
आणि एकेक अक्षर मागे घेत पुसलं.
ते माझं नाही द्यायला.

मग माझा पासपोर्ट काढला, नंबर ताडून पाहिला,
बोट ठेवून, मोठ्याने,
गिऱ्हाईक समोर असल्यासारखा.